आम्ल-आम्लारी पेटी : इंदूर, जूनच्या नोंदी

६ जून

ही प्रयोगांची पेटी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. रविवारच्या वर्गात सहा गट, एका गटात चार जण. घरगुती व्हिनेगर सोडलं तर मुलांच्या हातात जाणारं सर्वांत जहाल द्रावण ०.१ मोलरचं असेल (मोलर म्हणजे लिटरमागे विरघळलेले मोल, द्रावणाच्या संहतीचं माप). त्याहून संहत जे काही असेल ते शिक्षकाच्या टेबलावर राहील. हे आजच पक्कं केलं, म्हणजे पुढे एखाद्या दिखाऊ प्रयोगापायी मर्यादा ढळायला नको.

सियागंज बाजारातून आणलं : खाण्याचा सोडा १ किलो, धुण्याचा सोडा १ किलो, हळकुंडं पाव किलो, पांढरं व्हिनेगर, लिंबूसत. लिंबूसत घेताना पुडीवर ‘सायट्रिक’ हा शब्द बघून घ्यावा. टाटरी, निंबूफूल ही नावं दुकानागणिक फिरतात. चुना पानाच्या टपरीवरून, भिजवलेला.

हळदीची पूड मुद्दाम टाळली. भेसळीला वापरला जाणारा मेटॅनिल यलो हा रंग स्वतःच एक दर्शक आहे, म्हणजे आम्ल-आम्लारीप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ. जहाल आम्लात तो किरमिजी होतो, आणि मुलं वहीत लिहितात की हळद आम्लातही लाल होते. शंका असेल तर चिमूटभर पुडीवर संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून मग पाणी घालावं (हे टेबलावर, मुलांच्या हातून नाही). शुद्ध हळदीची गुलाबी छटा पाण्याने जाते, भेसळीची टिकून राहते. हळकुंडं घरी कुटली की हा प्रश्नच उरत नाही.

रसायनं : कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या ५०० ग्रॅम, ऑक्झॅलिक आम्ल १०० ग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्ल ५०० मिली, फिनॉल्फथॅलिन, मिथिल ऑरेंज. बॅटरीच्या पाण्याचा (बॅटरीत भरतात त्या शुद्ध, निर्खनिज पाण्याचा) कॅन पुढच्या खेपेला.

७ जून

दर्शक तयार केले.

हळद : ५ ग्रॅम ताजी पूड, ५० मिली स्पिरिट, दहा मिनिटं हलवून गाळलं. हळदीचा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात कालवलेली हळद म्हणजे नुसता गढूळपणा, तिच्यावर रंगबदल नीट दिसत नाही.

जास्वंद : लाल, एकेरी पाकळ्यांची फुलं. हिरवा देठाकडचा भाग काढून १० ग्रॅम पाकळ्या, १०० मिली गरम पाणी. पाणी उकळतं नको, बोट जेमतेम टेकवता येईल इतकंच. पंधरा मिनिटांनी गाळलं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं. लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केलं तर धातूचे आयन रंगद्रव्याला धरतात आणि अर्क निळसर-काळपट निघतो, मग आम्लातला गुलाबीही मळका दिसतो.

गोकर्ण : मागच्या हंगामातली सुकवलेली निळी फुलं २ ग्रॅम, २०० मिली गरम पाण्यात. तिन्हींत हा अर्क सर्वांत देखणा, आणि कामालाही सर्वांत चांगला. ०.१ मोलर आम्लात गुलाबी-लाल, थोड्या कमी आम्लतेत जांभळा, उदासीनच्या आसपास निळा, धुण्याच्या सोड्यात हिरवा, कॉस्टिकमध्ये हिरव्यावरून पिवळा. एकाच अर्कात पाच मुक्काम.

जांभळाचा हंगाम आहे म्हणून सालीचा अर्कही करून पाहिला. रंग सुरेख, पण जांभूळ स्वतः आंबट. ०.००१ मोलर कॉस्टिकच्या ५ मिलीत अर्काचे १० थेंब टाकले तर रंग गुलाबीच राहिला, कारण अर्कातल्याच आम्लाने ती सगळी आम्लारी संपवली होती. दर्शक असा हवा की जो मोजायच्या वस्तूत लुडबूड करणार नाही. जांभूळ यादीतून काढलं.

फुलांचे अर्क या उकाड्यात दुसऱ्या दिवशी आंबतात. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवले, एका गटाला एक चौकोन.

८ जून

दर्शकाच्या पट्ट्या. छपाईच्या पांढऱ्या कागदाची पट्टी जास्वंदीच्या अर्कात बुडवून वाळवली तर ती आपोआप निळसर-करडी झाली. अर्क बिघडलेला नव्हता, तोच अर्क नळीत गुलाबी-जांभळा होता. हल्लीच्या छपाई कागदात भरण म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे कागद स्वतःच आम्लारिधर्मी. त्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकला तर कडेने बारीक बुडबुडेही दिसले.

गाळणकागदावर काम चोख झालं. पट्टी १ सेंमी × ५ सेंमी, एकदा बुडवून सावलीत वाळवायची, पुन्हा बुडवायची. उन्हात रंग उडतो. हळदीच्या पट्ट्या मात्र कुठल्याही कागदावर जमतात, कारण हळद लाल व्हायला कागदातली तेवढी आम्लारी पुरत नाही.

१० जून

विरलनाची माळ. प्रयोग साधा आहे. पहिल्या नळीत ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यातलं १० मिली घेऊन पाण्याने १०० मिली केलं की दुसरी, ०.०१ मोलर. दुसरीतलं १० मिली घेऊन तिसरी, ०.००१. तसंच चौथी. सामू (पीएच; आम्लता कमी होते तसा हा आकडा वाढतो) १, २, ३, ४ असा चढायला हवा आणि गोकर्णाचा रंग गुलाबी-लाल ते निळसर-जांभळा असा उतरत जायला हवा.

झालं असं : पहिली गुलाबी-लाल, बरोबर. दुसरी अपेक्षेपेक्षा जास्त जांभळी. तिसरी स्वच्छ निळी. चौथीही निळी, किंचित हिरवटाकडे झुकलेली. शिवाय दुसरी तयार करताना पात्राच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटले होते.

बॅटरीचं पाणी आलेलं नव्हतं, म्हणून विरलन बोअरच्या पाण्याने केलं होतं. माळ पुन्हा नर्मदेच्या नळाच्या पाण्याने केली. दुसरी नळी सुधारली, तिसरी तरीही निळीच. आम्लाची बाटली तीच, पिपेट तेच, हात तोच. उरलं पाणी. त्यातली अल्कता, म्हणजे आम्ल गिळण्याची ताकद, मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

११ जून

मोजायचं तर आधी मापाचं द्रावण खरं हवं.

कॉस्टिक सोडा तोलून ०.१ मोलर करता येत नाही. एका लिटरला ४ ग्रॅम हे कागदावर ठीक. गोळ्या हवेतला ओलावा ओढतात, जूनमध्ये तर काचेवर ठेवल्या ठेवल्या मिनिटाभरात चमकायला लागतात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वरून कार्बोनेट होत जातं. म्हणून साधारण ४ ग्रॅम विरघळवायचा आणि खरी संहती ऑक्झॅलिक आम्लावर ठरवायची. ते स्फटिक हवेत स्थिर असतात, वजनाला प्रामाणिक.

ऑक्झॅलिक आम्ल (दोन रेणू पाण्यासह, रेणुभार १२६) १.५८ ग्रॅम, बॅटरीच्या पाण्यात २५० मिली. म्हणजे ०.०५ मोलर. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा यासाठी पुरतो. १० मिली पिपेटने शंकुपात्रात, फिनॉल्फथॅलिनचे २ थेंब, ब्युरेटमध्ये (तोटी असलेल्या मापनळीत) कॉस्टिक. गुलाबी होईपर्यंत कॉस्टिकचा खर्च १०.५, १०.४, १०.४ मिली. ऑक्झॅलिकचा एक रेणू कॉस्टिकचे दोन घेतो, म्हणून

०.०५ × १० × २ ÷ १०.४ = ०.०९६ मोलर.

बाटलीवर ‘०.०९६, ११ जून’ असंच लिहिलं. ०.१ लिहून पुढे सगळीकडे चार टक्के चूक वाहत नेण्यात अर्थ नाही.

हायड्रोक्लोरिक : ३६ टक्क्यांचं ८.५ मिली. आधी पाणी, मग त्यात आम्ल, मग १ लिटरपर्यंत पाणी. त्यातल्या १० मिलीला कॉस्टिक १०.४ मिली. म्हणजे ०.१० मोलर.

हाताच्या सवयी, शिक्षकांच्या पानावर जशाच्या तशा जायला हव्यात :

ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने आधी दोनदा विसळायची. शंकुपात्र मात्र नुसत्या पाण्याने. ते द्रावणाने विसळलं तर मोजून घेतलेल्या १० मिलीत न मोजलेली भर पडते. मुलं हे उलटं करतात.

तोटीखालच्या चोचीत अडकलेला बुडबुडा सुरुवातीलाच घालवायचा. तो मध्येच निघाला तर अर्धा मिलीपर्यंत खर्च खोटा वाढतो.

काचेच्या तोटीच्या ब्युरेटमध्ये कॉस्टिक रात्रभर ठेवू नये, तोटी धरून बसते. रबरी नळी आणि चिमट्याची ब्युरेट बरी. साठवायला प्लास्टिकची बाटली.

शेवट म्हणजे फिकट गुलाबी, पांढऱ्या कागदावर ठेवून जेमतेम दिसेल असा, आणि ३० सेकंद टिकणारा. त्यानंतर तो उडाला तर आणखी थेंब टाकू नये, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला पुसतो. गडद गुलाबी म्हणजे हात पुढे गेला.

१२ जून

पाण्याची अल्कता. १०० मिली पाणी, मिथिल ऑरेंजचे २ थेंब, ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक (कालचं २० मिली घेऊन १०० मिली केलं). पिवळ्यावरून नारिंगी झालं की थांबायचं. या मापात खर्चाला १० ने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिलिग्रॅम प्रति लिटर मिळतात.

आधी कोरी चाचणी : बॅटरीचं पाणी १०० मिली, त्यालाही नारिंगी व्हायला ०.३ मिली लागलं. नारिंगी रंग सामू ४ च्या आसपास येतो आणि निव्वळ पाण्याला तिथवर न्यायलाही थोडं आम्ल लागतंच. हे ०.३ सगळीकडून वजा.

बोअर : ३७.१ − ०.३ = ३६.८, म्हणजे ३६८ मिग्रॅ/लिटर.
नर्मदेचा नळ : १५.५ − ०.३ = १५.२, म्हणजे १५२ मिग्रॅ/लिटर.

अल्कतेपुरतं पाहिलं तर नळाचं पाणी इष्ट मर्यादेत, बोअरचं तिच्याबाहेर पण सवलतीच्या मर्यादेत. भारतीय मानक १०५०० मध्ये अल्कतेची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. बोअरचं पाणी मालव्याच्या बेसॉल्टच्या भेगांतून मुरत येतं, जमिनीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन दगड झिजवतं आणि बायकार्बोनेटने भरतं. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किमी वर चढवून आणलेलं, १९७८ पासून शहर त्यावर आहे. नदीचं म्हणून ते मवाळ, पण बायकार्बोनेट त्यातही आहेच.

आता १० तारखेचा हिशेब. ३६८ मिग्रॅ म्हणजे एक लिटर बोअरचं पाणी ०.१ मोलर आम्लाचे ७३.६ मिली गिळू शकतं. विरलनात आपण ९० मिली पाणी घालतो, ते गिळणार ६.६ मिली. आपण टाकलं १० मिली. दुसऱ्या नळीत खऱ्या अर्थाने उरलं ३.४ मिलीइतकंच आम्ल, म्हणून ती जास्त जांभळी. तिच्यातला दहावा भाग तिसऱ्या नळीत गेला, म्हणजे ०.३४ मिली, आणि समोर पुन्हा ६.६ गिळणारं पाणी. तिथे आम्ल शिल्लकच नव्हतं. नर्मदेच्या पाण्याचे ९० मिली २.७ गिळतात, म्हणून दुसरी नळी सावरली आणि तिसरी नाही. बुडबुडे होते बायकार्बोनेटमधून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचे.

फसलेला प्रयोग आकड्याने इतका नेमका जुळला की तो पेटीतच ठेवायचा ठरलं. माळ आधी नळाच्या पाण्याने करायची, मग बॅटरीच्या.

१४ जून

पेटीचा गाभा. आम्ल किती आहे आणि आम्ल किती तीव्र आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शाळेत दोन्हींना ‘किती ॲसिडिक’ असं एकच नाव पडतं आणि पुढे बारावीपर्यंत गोंधळ निस्तरत नाही.

व्हिनेगर १० मिली घेऊन १०० मिली केलं. त्यातल्या १० मिलीला कॉस्टिक ६.९ मिली, दोनदा तेच.

६.९ × ०.०९६ ÷ १० = ०.०६६ मोलर. मूळ बाटलीत दहापट, ०.६६ मोलर. ॲसेटिक आम्लाचा रेणुभार ६०, म्हणजे १०० मिलीत सुमारे ४ ग्रॅम. लेबलवर ४ टक्केच लिहिलं आहे.

लिंबाचा गाळलेला रस, तसाच दहापट विरल. १० मिलीला कॉस्टिक ८.७ मिली. सायट्रिक आम्लाचा एक रेणू कॉस्टिकचे तीन घेतो हे विसरलं तर उत्तर तिप्पट येतं. हिशेबाने १०० मिली रसात ५.३ ग्रॅम सायट्रिक.

आता मुख्य जोडी. व्हिनेगर १५.१ मिली घेऊन १०० मिली केलं, म्हणजे ०.१ मोलर ॲसेटिक. शेजारी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक. दोन नळ्या, दोन्हींत ५ मिली, दोन्हींत गोकर्णाचे १० थेंब.

हायड्रोक्लोरिकची नळी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल-गुलाबी. ॲसेटिकची जांभळी, वांग्याच्या सालीकडे जाणारी. उजेडाकडे धरल्या तर कोणीही म्हणेल की पहिल्यात आम्ल कितीतरी जास्त. मग दोन्हींतलं १०-१० मिली ब्युरेटखाली घेतलं. हायड्रोक्लोरिकला १०.४. ॲसेटिकला १०.४.

हा क्षण घाईने उरकू नये. मुलांना आकडा आधी सांगायचा नाही. दोन्ही नळ्या दाखवून कोणाला जास्त कॉस्टिक लागेल ते प्रत्येकाने वहीत लिहायचं आणि मगच तोटी उघडायची.

कारण असं : ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये जवळजवळ प्रत्येक रेणू फुटून हायड्रोजन आयन मोकळा झालेला असतो. ॲसेटिकमध्ये हजारांतले जेमतेम तेरा, बाकीचे जोडूनच. दर्शकाला फक्त मोकळे आयन दिसतात. ब्युरेट मात्र सगळे वसूल करते, कारण कॉस्टिकने मोकळे आयन काढून घेतले की जोडलेल्यांतून नवे सुटतात, ते संपेपर्यंत. दुकानाच्या गल्ल्यात तेरा रुपये आहेत आणि बाकीचे पेढीवर जमा आहेत. गल्ला बघून दुकानाची ऐपत ठरत नाही, घेणेकरी दारात उभा राहिला की पेढीवरचे पैसेही येतातच. सामू म्हणजे गल्ला. अनुमापन, म्हणजे ब्युरेटने केलेली मोजणी, हा घेणेकरी.

बोअरच्या पाण्याचंही तेच, उलट बाजूने. त्याचा सामू ८ च्या आत, फिनॉल्फथॅलिन टाकलं तर रंगही येत नाही, आणि तरी लिटरमागे ७३ मिली आम्ल पचवतं. आम्लारीचा मोठा साठा तिथे बायकार्बोनेटच्या रूपात पडून आहे.

१५ जून

व्हिनेगरसाठी मिथिल ऑरेंज वापरून पाहिलं. ६.९ ऐवजी २ मिलीलाच पिवळं, तेही लाल-नारिंगी-पिवळं असं रेंगाळत. मिथिल ऑरेंज सामू ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं आणि ॲसेटिक आम्ल ४.४ ला पोचतं तेव्हा त्याचा तिसरा हिस्साही संपलेला नसतो. फिनॉल्फथॅलिन ८.२ च्या पुढे बदलतं, सौम्य आम्लाचा शेवट तिथेच असतो. हायड्रोक्लोरिकला दोन्ही चालतात. मुलांच्या डब्यात फक्त फिनॉल्फथॅलिन.

१६ जून

लेबलं लिहिताना नावांचा घोळ समोर आला, आणि तो इंदूरमध्ये जास्त आहे. मुलं शाळेत हिंदीतून शिकतात. तिथे आम्लारी म्हणजे ‘क्षारक’, पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे ‘क्षार’, आणि दोन्हींच्या अभिक्रियेतून बनतं ते ‘लवण’. मराठी पाठ्यपुस्तकात ‘क्षार’ म्हणजे तेच लवण, मीठ ज्या गटातलं तो गट. म्हणजे एकाच बाटलीवर ‘क्षार’ लिहिलं तर हिंदीतून शिकणाऱ्याला ती कॉस्टिकची वाटेल आणि मराठीतून शिकलेल्याला मिठाची. बाटली हातात घेताना हा फरक पुस्तकी राहत नाही.

गंमत अशी की घरच्या मराठीत जुना अर्थ अजून जिवंत आहे. पापडखारातला ‘खार’ तोच, आणि पापडखार हळदीला लाल करतो.

निर्णय : पेटीत ‘क्षार’ हा शब्द एकाही लेबलवर नाही. बाटल्यांवर पदार्थाचं पूर्ण नाव, संहती, तारीख. तक्त्यावर तीन स्तंभ : आम्लारी / क्षारक, अल्क / क्षार, क्षार / लवण. सामूला हिंदी पुस्तकात ‘पीएच’ म्हणतात, तेही शेजारी लिहिलं.

१८ जून

चुन्याची निवळी. टपरीवरचा चुना ५ ग्रॅम, बॅटरीचं पाणी १ लिटर, बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट, जोरात हलवून रात्रभर ठेवली. सकाळी वरचं पाणी नळीने ओढून घेतलं, ओतलं नाही. ओतलं की तळ ढवळतो.

२० मिली निवळीला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ८.० मिली, फिनॉल्फथॅलिनवर. म्हणजे लिटरमागे १.४८ ग्रॅम चुना विरघळलेला. खोलीत ३३ अंश होतं. चुना गार पाण्यात जास्त आणि गरम पाण्यात कमी विरघळतो, साखर-मिठाच्या उलट. २० अंशाला १.७ च्या घरात आकडा येतो. ‘निवळी चांगली व्हावी म्हणून पाणी गरम करा’ ही सूचना म्हणूनच चुकीची.

फुंकण्याचा प्रयोग : २० मिली निवळी, स्ट्रॉ, हळू फुंकायचं, ओढायचं अजिबात नाही, डोळ्यांवर चष्मा. अर्ध्या मिनिटात दुधाळ. बहुतेक ठिकाणी इथेच थांबतात. पुढे फुंकत राहावं. दुधाळपणाचा काही भाग पुन्हा विरघळतो, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. साका खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी परीक्षानळीत उकळलं की पुन्हा पांढुरकं. बोअरचं पाणी तापवणाऱ्या गिझरमध्ये साठतो तो थर हाच, हे नळीत डोळ्यांदेखत घडतं.

हळद आणि चुना : वाटीत चिमूटभर हळद, चुन्याचा ठिपका, दोन थेंब पाणी. कुंकू पूर्वी असंच हळदीपासून करत. वर लिंबू पिळलं की पिवळं परत. हे लगेच दाखवायचं. आम्लारीत हळदीचं रंगद्रव्य तुटत जातं आणि तासाभरात लाल रंग मळकट तपकिरी होतो, मग लिंबानेही पहिलं पिवळं येत नाही.

१९ जून

खाण्याचा सोडा भाजून धुण्याचा सोडा. १०.०० ग्रॅम स्टीलच्या वाटीत, मंद आच, चमच्याने ढवळत. पाच मिनिटांत पूड पाण्यासारखी खदखदते. आतून सुटणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तिला उचलतात. आच मोठी केली तर पूड वाटीबाहेर उडते आणि वजनाचा हिशेब गेला.

१० मिनिटांनी ६.९ ग्रॅम, २० मिनिटांनी ६.४, २५ मिनिटांनी ६.३, नंतर स्थिर. सैद्धांतिक आकडा ६.३१ (१६८ भागांतून १०६ उरतात). खदखद थांबली म्हणजे झालं असं नव्हे, सलग दोन वजनं सारखी यायला हवीत.

भाजण्याआधी हळदीच्या पट्टीवर जेमतेम छटा, फिनॉल्फथॅलिनमध्ये फिकट गुलाबी. भाजल्यावर पट्टी लालभडक, फिनॉल्फथॅलिन गडद किरमिजी. काहीही न मिसळता, फक्त आचेवर, एक पदार्थ दुसरा झाला. मुलांच्या हातून करायला हाच सर्वांत समाधान देणारा प्रयोग वाटतो.

२१ जून

उदासिनीकरणाची उष्णता (शिक्षकाच्या टेबलावर). १ मोलर हायड्रोक्लोरिक ५० मिली, १ मोलर कॉस्टिक ५० मिली, थर्मोकोलचा पेला. वाढ ६.४ अंश. हिशेबाने ६.८, उरलेलं पेल्याने आणि हवेने घेतलं. कॉस्टिक आदल्या दिवशी विरघळवून ठेवावं. ताजं द्रावण स्वतःच तापलेलं असतं आणि वाढ खोटी दिसते.

२२ जून

काळी माती. वाळवलेल्या ५ ग्रॅम मातीवर १ मोलर हायड्रोक्लोरिकचे थेंब : कानाजवळ धरलं तर चुरचुर ऐकू येते, पांढरे खडे असतील तिथे उघड फेस. मातीतला चुनखडीचा अंश.

त्याच मातीचा सामू गोकर्णाने बघायला गेलो तर अर्काचा रंगच नाहीसा झाला. काळ्या मातीतली चिकणमाती रंगद्रव्य धरून बसते. १० ग्रॅम माती, २५ मिली बॅटरीचं पाणी, हलवून तासभर ठेवून वरचं निवळ घ्यावं आणि मग अर्क टाकावा. निळा, हिरव्याकडे झुकलेला.

२५ जून

काल संध्याकाळी चांगला पाऊस झाला. पहिली पंधरा मिनिटं जाऊ दिली, मग गच्चीवर उघड्यावर स्टीलचं पातेलं ठेवलं, पन्हाळीपासून लांब. दोन लिटर जमलं.

अल्कता : ०.८ − ०.३ = ०.५ मिली, म्हणजे ५ मिग्रॅ/लिटर. बोअरच्या सत्तराव्या हिश्शाहूनही कमी.

त्याच पाण्याने माळ. पहिली लाल-गुलाबी, दुसरी गुलाबी-जांभळी, तिसरी जांभळी. नळाच्या पाण्यात निळीच पडणारी तिसरी नळी आज रंगावर उभी राहिली. चौथी मात्र निळी. हिशेबाने तसंच यायला हवं : ९० मिली पावसाचं पाणी ०.०९ मिली आम्ल गिळतं आणि चौथ्या नळीत पोचतं तेही ०.०९ मिलीच. बॅटरीच्या पाण्याच्या माळेत चौथी निळसर-जांभळी आली, तिसरीपासून वेगळी ओळखता येईल इतकी.

तीन माळा शेजारी शेजारी ठेवून पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर फोटो काढला : बोअर, पाऊस, बॅटरी. हाच पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवायचा.

२७ जून

डबे भरले. एका गटाला : ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक १०० मिली, ०.०९५ मोलर कॉस्टिक १५० मिली (११ जूनला ०.०९६ होतं, आज पुन्हा तपासलं; आकडा आणि तारीख बदलली), व्हिनेगर ५० मिली, चुन्याची निवळी १०० मिली काठोकाठ भरून, खाण्याचा सोडा १५ ग्रॅम, फिनॉल्फथॅलिन १० मिलीच्या ड्रॉपर बाटलीत, हळद आणि जास्वंदीच्या प्रत्येकी १२ पट्ट्या, गोकर्णाचा गोठवलेला चौकोन वर्गाच्या सकाळी, बॅटरीचं पाणी १ लिटर, नळाचं पाणी १ लिटर. चार चष्मे.

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, ते डब्यात नाही. संहत हायड्रोक्लोरिक वेगळ्या कपाटात, कॉस्टिकपासून आणि ब्लीचिंग पावडरपासून लांब. ब्लीचिंगवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. वर्गाच्या जागी फरशी पुसायला ब्लीचिंग वापरतात, म्हणून हे तिथल्या मावशींनाही सांगायचं आहे.

वापरलेली द्रावणं एका बादलीत. शेवटी त्यात फिनॉल्फथॅलिनचे चार थेंब : गुलाबी दिसलं तर उरलेलं व्हिनेगर रंग जाईपर्यंत, मग थोडा खाण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत, मग भरपूर पाण्यासोबत मोरीत.

ब्युरेटच्या सहा रबरी नळ्यांपैकी दोन चिमट्याजवळ तडकल्या आहेत. रविवारच्या आत बदलायच्या.